खाली माणूस असताना

मेकॅनिकने विमानाच्या नाकाखालच्या भोकातून हेडसेटची वायर उपटली, झाकण थापटून बंद केलं आणि वायर कोपरावर गुंडाळत तो डाव्या अंगाला चालू लागला. उपटण्याआधी तो वरच्या कॅप्टनला म्हणाला होता, "खाली मोकळं आहे, साहेब. डावीकडून हात दाखवतो."

खाली मोकळं नव्हतं. विमान मागे ढकलून आणणारी टग गाडी बाजूला गेली होती, पण तिचा लांबलचक लोखंडी दांडा अजून पुढच्या चाकाला अडकलेला होता, आणि तो सोडवायला टगचा ड्रायव्हर चाकाशी उकिडवा बसला होता. यात नवीन काही नव्हतं. दांडा निघायला वीस सेकंद लागतात, वायर गुंडाळून बाजूला जायलाही तेवढीच. मग दोन्ही एकदम उरकून घ्यायला काय हरकत, ही मेकॅनिकची अकरा वर्षांची पद्धत. नियमाने आधी दांडा काढायचा, मग मोकळं म्हणायचं, मग बाजूला उभं राहून हात दाखवायचा, आणि तो हात बघितल्यावरच कॅप्टनने ब्रेक सोडायचा. पण सगळं नियमाने करत बसलं तर निम्मी विमानं संध्याकाळपर्यंत जागेवरच राहायची. वरूनही कधी कोणी हरकत घेतली नव्हती.

टगचा ड्रायव्हर त्याचा मेहुणा होता. बायकोने वर्षभर भुणभुण लावली तेव्हा कुठे मेकॅनिकने त्याला इथे चिकटवला होता. दांडा काढणं खरं तर त्याचं काम नव्हे. ते करणारा तिसरा माणूस आज शेजारच्या विमानावर पळवला होता, म्हणून तो गाडीतून उतरला होता.

पंधरा पावलं गेल्यावर इंजिनांचा आवाज चढला. मेकॅनिकने वळून पाहिलं. मेहुणा अजून तसाच, दोन्ही हातांनी दांडा चाकाला धरून ठेवणारी खटकी हिसडत होता. ती निघत नव्हती. आणि चाक फिरायला लागलं होतं.

तो ओरडला. त्याचं ओरडणं त्यालाच ऐकू आलं नाही, मेहुण्याच्या कानांवर तर आवाज अडवणाऱ्या जाड टोप्या होत्या. वायर परत लावावी म्हणून तो दोन पावलं चाकाकडे धावला आणि थबकला. झाकण उघडून, वायर खुपसून, बटण दाबून बोलेपर्यंत सगळं आटोपलं असतं. नाकाखालचा माणूस वरून दिसत नाही, तिथे गेला तर तोही दिसणार नव्हता. दिसायचं तर एकच जागा होती: पुढे, चांगलं तीस पावलं पुढे, कॅप्टनच्या काचेच्या समोर.

म्हणजे मेहुण्याकडे पाठ करून त्याच्यापासून लांब पळायचं.

तो पळाला.  हिला काय सांगू, हिला काय सांगू, एवढंच डोक्यात चाललं होतं. पुरेसं पुढे आलोय असं वाटल्यावर तो गर्रकन वळला आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन त्यांची थांबण्याची फुली केली. काचेमागे दोन डोकी होती, दोन्ही कागदांत वाकलेली. विमान येत होतं. मेहुण्याकडे बघायला त्याने नजर काचेवरून काढली नाही.

"अरे बघ रे बाबा, बघ," तो पुटपुटला आणि हातांची फुली न सोडता उड्या मारायला लागला, पन्नाशी उलटलेला माणूस. असा तो किती वेळ नाचत होता, ते त्याला नंतर कधीच सांगता आलं नाही. शेवटी एक डोकं वर झालं. विमानाचं नाक खाली दबलं आणि चाक थांबलं.

मेहुणा चाकाच्या पुढ्यात आडवा पडला होता. हातमोजा खटकीत अडकून तो पंधरा-वीस हात फरपटत आला होता, आणि तिरका झालेला दांडा त्याच्या घोट्यावर होता. डोळे उघडे होते.

मेकॅनिकने वायर लावली. तिसऱ्या खेपेला ती बसली.

"इंजिनं बंद करा, साहेब. ब्रेक सोडू नका. खाली माणूस आहे."

"बंद करतो," कॅप्टन म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "ॲम्ब्युलन्स बोलावलीय. जिवंत आहे?"

"आहे. पाय गेलाय बहुतेक."

इंजिनं मंदावत गेली. मेकॅनिक खाली बसला, मेहुण्याच्या कानांवरच्या टोप्या काढल्या आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"चूक माझी आहे," कॅप्टन म्हणाला. "हात न बघताच निघालो. चौकशीत तसंच सांगेन."

"म्हणतोय चूक त्याची," मेकॅनिक मेहुण्याला म्हणाला.

"मग तुम्ही कशाला तोंड उघडताय, भावजी?" मेहुण्याने दात आवळले. "नोकरी जाईल. ताईला काय सांगायचं ते मी बघतो."

मेकॅनिकने त्याच्या घोट्याकडे पाहिलं. मग बटण दाबलं.

"साहेब, मोकळं आहे म्हणून मी सांगितलं. तेव्हा हा खाली बसलेला मला दिसत होता."

वायर निसटू नये म्हणून त्याने ती मुठीत धरली.

"तुमचा आवाज ओळखतो मी," कॅप्टन म्हणाला. "तुम्ही आधी सांगता, मी आधी निघतो. रोजचंच आहे. रोज तोवर दांडा निघालेला असतो, एवढंच."

"काय म्हणाला?" मेहुण्याने विचारलं.

"त्यालाच विचार," मेकॅनिक म्हणाला. त्याने हेडसेट काढला, मेहुण्याच्या कानांवर बसवला आणि बटण स्वतः दाबून धरलं.

"साहेब," मेहुणा म्हणाला, "खाली बसलो होतो, तो मी बोलतोय."