चाँद पाशाचा सदरा

“अब्बा, ती मान खाजवून राहिली,” वासिफ दबक्या आवाजात म्हणाला. “आता वरडंल बघा.”

“न्हाई वरडत. तू गप बस जरा,” चाँद पाशा म्हणाले; पण त्यांचीच नजर नातीवरून हलत नव्हती.

आखाडा बाळापुरात गाद्या भरून देणारे चाँद पाशा म्हणजे भलता शिस्तीचा माणूस. घराबाहेर पडताना सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, डोक्यावर टोपी. उन्हानं अंगाची काहिली झाली तरी एक बटण सुटायचं नाही. असा माणूस दर शनिवारी सात वर्षांच्या नातीला, आफिफाला, शाळेतल्या चित्रांच्या वर्गाला आणायचा आणि तिच्याजवळ जमिनीवर बसायचा. वर्ग सगळ्याच पोरांचा होता. धावणारी पोरं होती, चाकाच्या खुर्चीतली होती, डोळ्यांनी अधू होती. आणि आफिफा होती, जिला बोलता येत नव्हतं आणि जराशा गोंगाटानंही तकलीफ व्हायची. वर्ग घेणाऱ्या मोहिनी मॅडमनी खिडक्यांना जाड पडदे लावले होते. टाळ्यांना बंदी, कौतुक करायचं तर हात हवेत हलवायचे. ज्यांना ब्रश धरवत नाही त्यांच्यासाठी चाँद पाशा घरून पिंजलेला कापूस आणायचे. सरकीचा एक कण त्यात सापडायचा नाही.

आज मात्र वासिफ आला होता. तो हैदराबादला कामाला. मागच्या ईदला आफिफा भर पाहुण्यांत जमिनीवर लोळून किंचाळली, तेव्हापासून त्याला लोकांच्या नजरा सोसवत नव्हत्या. काल घरात पाऊल टाकल्या टाकल्या त्यानं सांगून टाकलं, “उद्या मी सोता बघतो. तिथंबी तमाशा झाला तर पोरगी घरातच राहील. लोकाला हसायला कशाला द्यायचं?” तो तिचा बाप. त्याच्यापुढे आजोबाचं काय चालणार?

आणि बाप वर्गाला येणार म्हणून आजीनं, खुर्शीदबीनं, नातीला सकाळपासून नटवलं होतं. ईदचा जरीचा फ्रॉक! आपल्याकडे कुणी आलं की लेकराच्या अंगात आधी नवं घालायचं. मग त्याला ते सोसो न सोसो.

आफिफानं कापसाचा बोळा निळ्या रंगात बुडवला आणि टाकून दिला. मान वाकडी करून डोलायला लागली. मॅडमनी पंखा बंद केला, शेजारची पोरं जरा लांब सरकवली. काही उपयोग झाला नाही. शेवटी किंकाळी आलीच. दोन पोरांनी कान झाकले. दाराशी उभे असलेले बाकीच्या पोरांचे आईबाप माना उंच करून बघायला लागले.

वासिफ ताडकन उठला. “झालं? बघितलं न्हवं? चला घरी.”

“थांब!” चाँद पाशा नातीजवळ सरकले. रंग नको झाला का? की माणसं जास्त झाली? पण हात तर सारखा मानेकडेच जातोय. त्यांनी फ्रॉकच्या कॉलरच्या आतून बोट फिरवलं. पन्नास वर्षं कापसातली सरकी बोटांनी हुडकणारा माणूस. जरीची सुटलेली टोकं त्यांना लगेच लागली. मानेवर लाल चट्टे उठले होते.

“या अल्ला! काटेच घातले की गं बेटा आमी तुझ्या अंगात!”

बदलायला दुसरं काहीच नव्हतं. चाँद पाशांनी आपली बटणं सोडली, एकूण एक, आणि धुऊन धुऊन मऊ पडलेला सदरा काढला. मॅडमनी चादर आडवी धरली. फ्रॉक उतरला, सदरा चढला, लांब बाह्या दुमडल्या. भोकं पडलेल्या बनियनवर म्हातारा छातीशी हात आडवे धरून बसून राहिला. दाराशी कुणीतरी फिसकन हसलं. चाँद पाशांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ते उठले नाहीत.

किंकाळीचे हुंदके झाले. हुंदकेही हळूहळू थांबले. किती वेळ गेला कोण जाणे, आफिफानं पुन्हा बोळा उचलला.

वासिफ अजून उभाच होता. त्यानं हसणाऱ्याकडे एकदा पाहिलं, मग बापाकडे. आपला इस्त्रीचा शर्ट काढून त्यानं अब्बांच्या खांद्यावर टाकला आणि सगळ्यांच्या देखत, बनियनवर, लेकीशेजारी मांडी घालून बसला.

“मॅडम,” तो म्हणाला, “पुढच्या शनिवारी मी न्हाई इथं. अब्बाच आणतील हिला. वेळ हीच नं?”