आवडाबाई आत आल्या नाहीत

"आवडे, दारात का गं उभी? ये की आत!"

यमुनाआजी खाटेवरून हाक मारत होत्या. माझी आई बायकांच्या खोलीबाहेर उभी होती. तोंडावर मास्क, हातांत मोजे. उंबरा ओलांडायची तिला बंदी होती.

वृद्धाश्रमात पुरुषांच्या खोलीत तापखोकल्याची साथ शिरली होती. आजाऱ्यांचं करणाऱ्यानं दुसऱ्या खोलीत पाऊलही टाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अंथरुणाला खिळलेल्या गड्यांना उचलून कूस बदलायची, तर आईसारखेच दंड हवेत. म्हणून आई तिकडे आणि बायकांकडे दुसरी सेविका, चतुराबाई. आईचा मुक्कामही तिथंच. शाळा सुटली की मी डबा घेऊन जायची आणि अंगणात उभी राहून बायकांच्या खोलीच्या खिडकीतून आत बघायची. एवढी परवानगी मी व्यवस्थापक बद्रीनाथकाकांशी भांडून मिळवली होती. नववीत आल्यापासून भांडण मला छान जमतं.

"काकू, मला येता यायचं नाय," आई मास्कच्या आतून म्हणाली. "जेवा बरं. चतुराबाई भरवंल."

आजींना ऐकू कमी यायचं. त्या समोरच्याचे ओठ बघून बोलणं ओळखायच्या. आता ओठच दिसेनात.

"बाहेरची झालीस का?"

"या वयात?" चतुराबाई हसली. "काकू, काय बी बोलता!"

पण आजींचा चेहरा हळूहळू बदलत गेला. त्यांचं सोवळं मी लहानपणापासून ऐकून होते. आश्रमात आल्या तेव्हा त्या आईला पाण्याच्या तांब्याला हात लावू देत नसत. आई म्हणायची, "असू दे, म्हातारं माणूस हाय." मग एकदा आजी न्हाणीत पडल्या, खुबा मोडला. आईनं सगळं केलं, अगदी सगळं. तेव्हापासून आजींना घास फक्त आईच्या हातचा लागायचा.

"कळलं," आजी म्हणाल्या. "तेव्हा मी तुला लांब उभी केली, आज तू मला केलीस. फिटलं हो."

"तसं नाय ओ काकू! आईशप्पथ तसं नाय!" आईचा हात मास्ककडे गेला.

"आवडाबाई! मास्क!" बद्रीनाथकाका व्हरांड्यातून ओरडले. आईचा हात खाली आला.

मग मी पुढं झाले. माझा आवाज म्हणजे शाळेतली घंटाच. शिवाय मी लांब होते, मास्क काढायला हरकत नव्हती. खिडकीतून मी ओठ ताणून ताणून बोलले, "आजी, तिकडं जंतू आहेत! आईच्या अंगावरून तुमच्याकडं येतील! आई तुम्हाला जपतेय!"

"जंतू," आजी म्हणाल्या. "माझी सासू विटाळ म्हणायची. कारणं द्यायला तीही हुशार होती."

"अहो, विटाळ नाही, विज्ञान आहे!"

"तू लेक तिची. तिचीच बाजू घेणार."

आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. चतुराबाईनं वरणभात कालवला, गोड बोलली, रागावली. आजींनी दोन घोट पाण्यापलीकडे काही घेतलं नाही, डॉक्टरांना सलाईनही लावू दिली नाही. मी रोज नवं काहीतरी समजावून बघायची. आई रोज दारात यायची. आजींनी पुन्हा हाक मारली नाही.

गड्यांचे ताप उतरले. डॉक्टर आईला म्हणाले, "उद्यापासून मोकळ्या तुम्ही." त्या दिवशी फाटकाशी आई मला म्हणाली, "उद्या येताना मऊ भात आण, साय घालून. माझ्या हातानं खातील बघ."

मी भात घेऊन गेले, तेव्हा आजींची खाट रिकामी होती. पहाटेच गेल्या. ताप नव्हता, खोकला नव्हता. वय झालं होतं आणि पोटात काही नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. पुण्याहून मुलगा येऊन त्यांना घेऊनही गेला होता. डॉक्टरांनी आईचं कौतुक केलं. बायकांच्या खोलीत एकीलाही साथ लागली नव्हती. आई मान हलवत राहिली.

"मग आजी बरोबर होत्या की तू?" मला आईला विचारायचं होतं. मी भाताचा डबा परत पिशवीत ठेवला.

दुपारी आईनं आजींची खाट औषधाच्या पाण्यानं पुसली आणि गादी गच्चीवर उन्हात टाकली. मी झोडपायला काठी आणली. आईनं ती माझ्या हातून काढून घेतली आणि कठड्याला टेकवली. कापसात मधोमध आजींच्या अंगाचा खळगा होता. सावली पुढं सरकली, तशी आई गादी उन्हात ओढत गेली. दोन्ही टोकं धरून, हळू, खळगा मोडू न देता.