दोन पडद्यांमधला सूर

बास्तियान गेला त्या दिवशी अंगुस्तियासने टीव्हीवर पलंगपोस टाकला, रेडिओची वायर काढून कपाटावर फेकली आणि नवऱ्याची गिटार पेटीत घालून पलंगाखाली सरकवली. जितानोंच्या, म्हणजे स्पेनच्या जिप्सींच्या, घरात हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही. घरधनी गेला की बाईने काळे कपडे घालायचे, आणि गाणं म्हणून जे काही असेल ते उंबऱ्याबाहेर ठेवायचं. अंगुस्तियासचं तर पोटच गाण्यावर चालायचं. ग्रानादाच्या साक्रोमोन्ते टेकडीतल्या गुहांमध्ये लोकांसमोर तो वाजवायचा आणि ती गायची. लग्न झाल्यापासून दुसऱ्या कुणाच्या गिटारवर ती गायलीच नव्हती. आता ती सकाळी एका हॉटेलात चादरी धुवायला जायची आणि दुपारी घरी येऊन भिंतीकडे बघत बसायची.

भांडी घासताना चुकून ओठांवर काही आलं, तर खालून फिलोचा आवाज यायचा.

"अंगुस्तियास, नळ गातोय का गं?"

फिलो ही बास्तियानची थोरली बहीण. अल्बायसिन वस्तीतल्या त्याच घरात तळमजल्यावर राहायची, लोकांचे कपडे इस्त्री करायची, आणि अंगणाकडचं दार हिवाळा असो की उन्हाळा, उघडंच ठेवायची. जिन्यावरून मांजर गेलं तरी तिला कळायचं.

वसंतात वरच्या खोलीत नवा भाडेकरू आला. सबरी नाव, सीरियातल्या अलेप्पोचा, पन्नाशीचा, एकटा. आल्याच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळं घर आडवं झालेलं असताना, वरून तारांचा आवाज सुरू झाला. अंगुस्तियास ताडकन उठली आणि तिने झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. आवाज थांबला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तेव्हा ती चपला सरकवून तरातरा वर गेली.

"काय हो, खालच्या घरात माणूस मेलंय. कळत नाही तुम्हाला?"

सबरीच्या हातात पोट फुगलेलं, मान मागे वळलेलं वाद्य होतं. तो घाबरून उभा राहिला.

"मेला? कोण? आज?"

"आज नाही. हिवाळ्यात. माझा नवरा."

"माफ करा, बाई." त्याने वाद्य खाटेवर पालथं ठेवलं. "माझी आई मेला तेव्हा आमच्या घरी पण रेडिओ चुप. मला माहीत नव्हता. आता मी वाजवत नाही. संपला."

एवढ्या लवकर संपेल असं तिला वाटलं नव्हतं. भांडायला आणलेलं बरंच काही तोंडातच राहिलं. संध्याकाळी दाराशी मसुराच्या आमटीचं झाकलेलं भांडं सापडलं. चव चांगली होती, जिरं जरा जास्त होतं.

त्यानंतर वरून खरंच चकार आवाज आला नाही. मग एकदा कामावरून येताना तो तिला चढावर दिसला. चेहरा लाल, सदरा घामाने चिकटलेला, पाठीवर ते वाद्य.

"कुठे जाता हो हे घेऊन उन्हातान्हाचं?"

"वर, सान मिगेलच्या देवळामागे. तिथे वाजवतो. रात्री चहाच्या दुकानात वाजवायचा असतो, तर हात चालू पाहिजे." तो हसला. "फक्त ऊन लाकडाला चांगला नाही, ताई. ऊद खूप जुना आहे. वडिलांचा."

अंगुस्तियासला रात्रभर ते लाकूड डोळ्यांपुढे दिसत राहिलं. सकाळी तिने त्याचं दार वाजवलं.

"उद्यापासून घरात वाजवा. दुपारी मी बाजारात असते."

ग्रानादात दुपारी बाजार बंद असतो हे सबरीलाही ठाऊक होतं. पण तो नुसता छातीवर हात ठेवून वाकला.

मग तिची रोजची पायपीट सुरू झाली. दुकानं बंद, देऊळ बंद, बाकांवर मरणाचं ऊन. ती गल्ल्यांमधून भटकायची आणि दिवसेंदिवस लवकर परतायची. परतली तरी घरात जायची नाही. जिन्याच्या वळणावर सावलीत बसून राहायची. आपण ऐकत नाही, फक्त पाय दुखतात म्हणून बसलोय, असं तिने स्वतःला बजावलं होतं.

"बाजार लवकर उठला वाटतं?" एक दिवस फिलो जिन्याखालून म्हणाली.

"पायात गोळा आला, वन्सं."

"पायात? मला वाटलं, कानात." आणि फिलो सुपासारखे पाय आपटत आत गेली.

ज्या दुपारची ही गोष्ट, त्या दुपारी सबरी फार संथ वाजवत होता. एक ओळ वरून पायरी पायरी खाली यायची, आणि अगदी शेवटच्या पायरीआधी एका जागी बसायची. षड्जाच्या शेजारी, कोमल रिषभ म्हणावा तर त्याहून चढा, शुद्ध म्हणावा तर उतरलेला. अंगुस्तियास ऐकता ऐकता उठून उभी राहिली. ही जागा तिची होती. तिच्या आईची सोलेआ, ते जुनं दुःखाचं गाणं, तिथेच बसायची, आजीचीही तिथेच. आणि बास्तियान उभा जन्म त्या जागेवरून तिला चिडवायचा. गिटारच्या पडद्यांमध्ये तो सूरच नव्हता. "बाई गं, वर तरी जा नाहीतर खाली तरी ये," तो म्हणायचा, "तू बसलीस तिथे माझ्याकडे खुर्चीच नाही." आणि ती तिथे पोचली की तो तारांवरून हात उचलायचा. तेवढं पाऊल ती एकटी चालायची.

सबरीने ओळ पुन्हा घेतली, पुन्हा त्या जागी आला, आणि थांबला. खाली उतरेचना.

अंगुस्तियासच्या तोंडून आवाज निघून गेला. शब्द नव्हते, नुसतं एक लांब "आय", इतके महिने न वापरलेल्या गळ्यातून फाटत आलेलं. वरचं वाद्य क्षणभर गप्प झालं. मग तिच्याबरोबर निघालं. ती त्या जागेवर बसली तर तेही तिथेच बसलं, अगदी खांद्याला खांदा लावून. मग दोघं खाली उतरले.

ती वर धावली.

"कुठून घेतलंत तुम्ही हे?"

"कुठून म्हणजे?" सबरी गोंधळला. "हा बयाती, ताई. आमचा राग. आमच्याकडे भाजीवाला पण ह्यातच ओरडतो."

"ते माझ्या आईचं आहे!"

"असेल. आमचे म्हातारे सांगायचे, आमची जुनी गाणी अंदालुसमधून आली. म्हणजे तुमच्या इथून."

"म्हणजे चोरून नेलंत."

"किंवा जाताना तुमच्याकडे विसरलो." तो हसला, पण तिचा चेहरा बघून त्याने हसू आवरलं.

तिने ऊदच्या मानेकडे बघितलं. सगळी गुळगुळीत. "पडदे कुठेत?"

"नाहीत. बोट ठेवू तिथे सूर."

तिने तर्जनी पुढे करून त्या काळ्या लाकडावरून हलकेच फिरवली. मग एकदम हात मागे घेतला, आणि खाली येऊन दाराला कडी घातली. उशीत तोंड खुपसून ती रडली. जिथे बास्तियानला इतकी वर्षं पोचता आलं नाही, तिथे एक परका माणूस एका दुपारी येऊन बसला होता. आणि तिला बरं वाटलं होतं. तेच तिला सोसवेना.

पुढे काही दिवस ती लांबच्या वाटेने घरी येऊ लागली. सबरी जिन्यात दिसला की मान वळवायची. त्यानेही वाजवणं थांबवलं. शेवटी फिलोनेच तिला अंगणातून हाक मारली.

"ये इकडे. चादरीची दोन टोकं धर."

दोघी चादर ताणून उभ्या राहिल्या. फिलो घडी घालता घालता म्हणाली, "त्या दिवशी ऐकलं मी."

"माहीत आहे, वन्सं. काय बोलायचं ते बोला."

"मी कशाला बोलू? तूच बोल. भुतासारखी फिरतेस."

अंगुस्तियासने चादरीकडे बघत सांगून टाकलं. "त्याला ती जागा सापडली, वन्सं. आईची जागा. बास्तियानला कधी सापडली नाही. त्याच्या माघारी मी दुसऱ्याबरोबर तिथे गेले, आणि मला आवडलं."

फिलोने शेजारच्या मेजावरची इस्त्री उभी केली.

"सापडली नाही असं कोण म्हणालं?"

"तोच म्हणायचा."

"तुझी थट्टा करायचा तो. माझी करायची हिंमत नव्हती त्याची." फिलोने चादरीचं आपलं टोक ओढून ताठ केलं. "एकदा मी त्याला झापलं होतं. म्हटलं, मेल्या, बायको गातेय आणि मधेच हात काय उचलतोस, लोक म्हणतात वाजवायला विसरलास. तर म्हणाला, 'फिलो, माझ्या गिटारला तो सूर नाही. जवळचा वाजवला तर तिचा बिघडतो. त्यापेक्षा मी बाजूला होतो. तिथे ती एकटीच शोभते.' असा होता. तुला नसेल सांगितलं. डोक्यावर बसली असतीस."

अंगुस्तियासच्या हातातून चादरीचं टोक सुटलं.

"रड, रड," फिलो म्हणाली, आणि तिचाही आवाज धड नव्हता, "पण चादरीवर नको. आत्ताच इस्त्री केलीय."

वर्षाची प्रार्थना झाली त्या दिवशी घरी नातेवाईक आले, जेवले, गेले. ऊन कलल्यावर फिलो अंगणात उभी राहिली आणि तोंडाभोवती हात धरून ओरडली, "अहो वरचे! खाली या! आणि ते भोपळ्यासारखं काय आहे, ते पण आणा!"

"वन्सं, अजून माझं काळं उतरलेलं नाही," अंगुस्तियास दबक्या आवाजात म्हणाली.

"उतरव कोण म्हणालं? काळ्यातच गा. भावाचं वर्ष आहे, मला ऐकायचंय."

सबरी कोट घालून आला, पाहुण्यासारखा अवघडून बसला. पहिला प्रयत्न पार फसला. तो प्रत्येक सुराला झालर लावायचा, सोलेआचा ठेका त्याच्या हातातून निसटायचा, आणि अंगुस्तियासचा गळा गंजला होता. तिने मध्येच हात वर केला.

"इतकी नक्षी नको हो. इथे माणूस गेलंय, वरात नाही निघालेली."

"आणि तुमचा ठेका लंगडा आहे," सबरी वैतागून म्हणाला.

"लंगडा? थांबा!" फिलोने बाह्या सरसावल्या. भावाला पोचवून आल्यापासून जिने एकदाही हात वाजवला नव्हता, तिने खुर्ची पुढे ओढली आणि टाळी धरली. कोरडी, ठाम टाळी. सबरी तिच्या तळव्यांकडे बघत बघत रुळावर आला. नक्षी गळून पडली. अंगुस्तियासने डोळे मिटले आणि आईची सोलेआ सुरुवातीपासून उचलली. आवाज दोनदा चिरकला. तिने तो तसाच जाऊ दिला. गाणं संपलं तेव्हा कुणी वाहवा केली नाही. फिलो उठून कॉफी ठेवायला गेली, आणि सबरीने रुमालाने ऊद पुसता पुसता डोळेही पुसून घेतले.

पुढे चहाच्या दुकानाच्या मालकाला ह्याची कुणकुण लागली. मूर, म्हणजे अरब, आणि जितानी एकाच मंचावर, असा फलक लावायची त्याची फार इच्छा होती. अंगुस्तियासने त्याला दारातूनच परत पाठवलं. गुहेत गायला ती पुढच्या वसंतात गेली, एका तरुण गिटारवाल्याबरोबर. सबरीबरोबर मात्र ती फक्त अंगणात गायची, आणि दर वेळी दोघांचं हमखास भांडण व्हायचं, हे आधी तुमचं की आमचं. फिलो दोघांनाही गप्प करायची.

गुरुवारी कपड्यांचा ढीग मोठा असतो. त्या दिवशी सबरीला वाजवायला उशीर झाला, तर खालून आवाज येतो, "झोपलात का हो भाऊ?"

"ऐकायचं आहे का, ताई?"

"मी कशाला ऐकू? माझे शर्ट पडलेत ढीगभर," फिलो म्हणते आणि दार आणखी थोडं उघडते.