चाकांमधलं अंतर

चार चाकांची क्वाड बाइक माझ्यासकट उलटली त्या दिवशी खांद्यापेक्षा घरच्यांचं बोलणं जास्त दुखलं. उंटिणींसाठी पाण्याचं पिंप मागे बांधून मी आमच्या तंबूंच्या तळामागच्या वाळूच्या उतारावरून आडवी चालले होते. खालच्या बाजूची चाकं रुतली, वरची उचलली गेली आणि मी पिंपाबरोबर गडगडत खाली आले. घानिमकाका धावत आले. त्यांनी आधी क्वाड सरळ केली, मग मला लागलं का ते विचारलं. जेवताना निकालही दिला. मुलीच्या जातीला वाळू झेपत नाही. बाबा गेल्यापासून त्यांच्या उंटिणी मी सांभाळते. पुढच्या आठवड्यापासून त्या काकांचा मुलगा हारिब सांभाळेल.

हारिब मान खाली घालून भात खात होता. मला वाटलं, ओशाळला असेल. तो हसू दाबत होता.

मी मस्कतला पदार्थविज्ञान शिकले. घरात या गोष्टीकडे गोवर येऊन गेल्यासारखं पाहतात. सकाळी मी टेप घेऊन क्वाडखाली शिरले, तर स्प्रिंगा नव्या आणि चांगल्याच लांब होत्या. गेल्या थंडीत मित्रांसमोर रुबाब करायला हारिबनं त्या बसवल्या होत्या. क्वाड वितीएवढी उंच झाली, पण चाकांमधलं अंतर होतं तेवढंच राहिलं. वजन वर गेलं की पाय फाकवावे लागतात. नुकतं जन्मलेलं उंटाचं पिल्लूसुद्धा हे करतं.

हारिबला मी हे सांगितलं, तर म्हणाला, "याच स्प्रिंगांवर मी अख्खी टेकडी चढतो. गाडीला कळतं गं, वर कोण बसलंय."

"तू रिकामी गाडी घेऊन सरळ चढतोस. मी पाणी घेऊन आडवी जाते."

"मग आडवी जाऊ नकोस."

जणू उंटिणी माझ्या सोयीनं सरळ रेषेत चरतात.

जुन्या स्प्रिंगा त्यानं कुणाला तरी देऊन टाकल्या होत्या. उंची कमी करणं शक्य नव्हतं, रुंदी वाढवणं शक्य होतं. बाजारातल्या सरफराज मिस्त्रीकडे चाक आणि ते ज्यावर आवळतात तो हब यांच्यामध्ये बसवायच्या ॲल्युमिनियमच्या जाड चकत्या होत्या. तो म्हणाला, सगळी पोरं फक्त मागे लावतात, मागून गाडी दांडगी दिसते. मी चारही चाकांना मागितल्या. नुसतं मागे रुंद केलं तर वळताना पुढची चाकं ऐकत नाहीत, गाडी सरळच घसरत जाते. त्यानं वाद घातला नाही. हँडल जड लागेल आणि बेअरिंग लवकर झिजतील, तेवढं बघ, म्हणाला.

घरी आले तर क्वाड कुंपणाच्या फाटकातून आत जाईना. मी एक खांब उपटून बाजूला रोवला. त्यावरही काका बोलले.

शुक्रवारी जेवणानंतर तंबूसमोर पाहुणे बसले होते. काका मला म्हणाले, एवढी खात्री आहे तर सगळ्यांसमोर त्याच उतारावरून जाऊन दाखव. उलटलीस तर विषय संपला. पिंप हारिबनं भरलं, अर्धंच. मुलीला ओझं नको, असं तो सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. अर्धं पिंप भरलेल्यापेक्षा वाईट. उतारावर आतलं पाणी सगळं खालच्या बाजूला धावतं आणि गाडीलाही ओढून नेतं. त्याला हे ठाऊक होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. मी गाडीवरून उतरले आणि पिंप काठोकाठ भरलं. कुणीतरी हसलं.

मी निघाले. जिथे आधी उलटले होते तिथे खालची चाकं पुन्हा रुतली. वरची हलकी झाली, पण वाळू सोडली नाही. मी शरीर वरच्या बाजूला झुकवून पलीकडे गेले, वळले आणि तशीच परत आले. हँडल खरंच जड होतं.

"बघा," काका पाहुण्यांना म्हणाले, "आमच्या हारिबनं गाडी कशी तयार करून दिली."

हारिब कहवा, आमची बिनदुधाची कॉफी, ओतत होता. हे ऐकून त्याचा हात थांबलासुद्धा नाही. त्यानं मलाही कप दिला. मी तो न पिता समोर वाळूत ठेवला आणि बसले.

आमच्यात मागणं असलेला माणूस कप असा ठेवतो आणि ते मान्य होईपर्यंत पीत नाही. मग यजमानाला विचारावंच लागतं. काका दुसरीकडेच बघत राहिले. शेवटी शेजारच्या तळावरचे म्हातारे मुसल्लम म्हणाले, "घानिम, मुलीचा कप खाली आहे."

"ही रीत पाहुण्यांची," काका म्हणाले. "रय्या घरची आहे."

"कहव्याच्या वेळी घरची," मी म्हणाले, "आणि बाबांच्या उंटिणींच्या वेळी परकी?"

मुसल्लमांनी हातातला कप ओठांपासून दूर नेला. प्याले नाहीत. ठेवलाही नाही; ठेवला असता, तर माझं मागणं त्यांचंही झालं असतं. काकांना तेवढं पुरलं.

"पी," ते म्हणाले. "उंटिणी तुझ्याकडेच."

मी प्याले. गार झाला होता. गाडी कुणी रुंद केली, याबद्दल काका एक शब्दही बोलले नाहीत. पुरे झालं की आमच्यात रिकामा कप हलवतात. मी हलवला नाही. हारिबसमोर तसाच धरून ठेवला आणि म्हणाले, "ओत. अजून एक मागणं आहे."