खाडीकाठचा मातीचा तट

मी एका जुन्या गढीचा उरलेला मातीचा तट आहे. पूर्णगडच्या खाडीने थोडं आत आलात, की मी दिसेन. पण तुम्ही येणार नाही. शाळेच्या सहली पूर्णगडाचा दगडी बुरूज बघून, भेळ खाऊन परततात.

मला बांधलं ते पाटीपाटीने माती वाहणाऱ्या बायाबापड्यांनी. गढीचा मालक मात्र तोफेचा पहिला आवाज ऐकताच होडीत बसून पळाला. त्याच्या शौर्याचे पोवाडे गाणाऱ्यांची मला कीव येते.

मित्रांनो, १९८४ साली पुरातत्त्व खात्याचे एक साहेब आले. माझ्यावर बूट आपटून म्हणाले, "दगड नाही, शिलालेख नाही. नुसता ढिगारा." तेवढ्यावर पंचायतीचा सभासद महिपत याने ठराव मांडला, की नव्या रस्त्याच्या भरावाला माझी माती घ्यावी.

माझ्यामागे भातशेती होती. तिथे राबणारी सोनूबाई सभेत उभी राहिली. "ह्यो तट हाय म्हणून खाडीचा पानी शेतात येत नाय. माजा सासरा सांगायचा."

"काकी, तुजा सासरा काय इंजिनेर होता?" महिपत म्हणाला. सगळे हसले. हसणाऱ्यांपैकी निम्म्यांची शेतं माझ्याच पाठीशी होती! अशी शहाणी माणसं मी तीनशे वर्षांत पाहिली नव्हती.

पंधरा दिवस कुदळी चालल्या. माझ्या मधोमध बैलगाडी जाईल एवढं खिंडार पडलं.

श्रावणातल्या अवसेला भर दुपारी खाडीला उधाण आलं. खारं पाणी खिंडारातून लावणी झालेल्या भातात शिरलं. महिपतचं शेत सगळ्यांत खोलगट, ते आधी बुडालं. तो बांधावर उभा राहून नुसता ओरडत होता.

सोनूबाई ओरडली नाही. ओहोटी लागताच ती चार बायका घेऊन रस्त्यावर गेली आणि भराव खणायला लागली.

"अगो, रस्ता सरकारी हाय!" महिपत धावत आला.

"मग सरकारला सांग, भरती थांबव," ती म्हणाली आणि भरलेली पाटी तिने त्याच्या डोक्यावर ठेवली.

त्याने ती खिंडारापर्यंत वाहिली. मग सभेत हसलेले सगळेच आले. पुढच्या भरतीआधी खिंडार बुजलं. बुडालेल्या शेतांत, सोनूबाईच्याही, मात्र मीठ मुरलं होतं. तीन वर्षं तिथे दाणा पिकला नाही. सोनूबाई वरच्या अंगाला दुसऱ्यांच्या शेतात राबली.

मित्रांनो, मला हार नकोत, भाषणं तर नकोतच. मातीच्या कुठल्याही बांधावर कुदळ उचलण्याआधी त्याच्या पाठीमागे जो राबतो, त्याला विचारा. एवढंही जमत नसेल, तर आपल्या शहाणपणाची मिजास तरी करू नका.

पंचायतीने आता माझ्यावर फलक लावलाय: 'तटाची दुरुस्ती, महिपतराव यांच्या प्रयत्नाने'. सोनूबाईला वाचता येत नाही. ती त्या फलकाला बकरी बांधते.