चाळीस मिनिटांचा व्हॉल्व्ह

माझ्या तोंडाला आमची सगळी गल्ली घाबरते. पाववाला मला शिळा लवाश द्यायची हिंमत करत नाही. आणि त्या दिवशी, जेव्हा बोलायला हवं होतं, तेव्हा मी, अर्पेनिक, हातात पेला धरून गप्प बसले. काय झालं ते पहिल्यापासून सांगते.

माझा मुलगा म्हेर सैन्यात कॅप्टन. सरहद्दीवर एका डोंगरावर त्याची चौकी, हाताखाली अठरा पोरं. चौकीवर एक जुनं रडार, रशियाचं. त्याच्या पोटात हाताच्या पंजाएवढा एक काचेचा व्हॉल्व्ह असतो, जुन्या रेडिओत असायचे तसलाच, फक्त थोराड. तो गेला की रडार म्हणजे नुसतं लोखंडाचं झाड. तर तो गेला. रशियाशी करार असा की व्हॉल्व्हची पेटी मोहोरबंद, आपण हात लावायचा नाही, जशीच्या तशी उत्तरेला पाठवायची. पाठवली. सोळा महिने झाले. इकडून दर महिन्याला फोन जायचा आणि तिकडून दर महिन्याला एकच उत्तर यायचं, "रांगेत आहे." सरहद्दीपलीकडच्यांना मात्र तेच लोक नवं कोरं सामान विकत होते, त्यांना कसली रांग नव्हती. असला हा आमचा मित्र. वर त्याच्याच नावाने दर वर्षी परेड.

एके दिवशी रझमिक चार मजले चढून धापा टाकत माझ्या दारात आला. हा लष्कराच्या दुरुस्ती कारखान्याचा संचालक.

"अर्पेनिक जान, आपण स्वावलंबी व्हायचं ठरलंय."

"कधी ठरलं?"

"मंगळवारी."

"बरं झालं सांगितलंस. मी आपली बुधवारपर्यंत परावलंबीच होते."

त्याला हसू आलं नाही. व्हॉल्व्ह इथेच बनवायचा म्हणाला. मला हसावं की रडावं कळेना, कारण तो व्हॉल्व्ह मुळात आमचाच. सोव्हिएत काळात येरेवानमधल्या आमच्या कारखान्यातून तो सगळीकडे जायचा. आतली जाळी केसाहून बारीक तारेची, ती गुंडाळायला आम्ही चाळीस बायका होतो. मी बावीस वर्षांची होते आणि माझी जाळी तपासणीतून कधी परत आली नाही.

"रजिस्टरं आहेत का कुणाकडे?" रझमिकने विचारलं. कोणती तार किती अंतरावर, काच किती तापवायची, आतली हवा किती तास ओढायची, सगळं त्या रजिस्टरांत होतं.

"होती," मी म्हटलं. "माझ्याकडेच होती."

सोव्हिएत युनियन मोडलं, कारखाना बंद पडला, आणि मग तो अंधाराचा हिवाळा आला. वीज नाही, गॅस नाही, घरात भिंतीवर बर्फ. म्हेर त्या जानेवारीत जन्मला. आधी आम्ही जमिनीच्या लाकडी पट्ट्या उखडून जाळल्या, मग खुर्च्या, मग ती रजिस्टरं. जाड कागद होता, झकास जळायचा. एका रजिस्टरात दूध तापून वर लंगोट वाळायचे. मला तेव्हा वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. पोर निळं पडत होतं हो.

वस्ताद सेद्राक अजून जिवंत होते, हीच काय ती जमेची बाजू. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, कारखान्यात काच फुंकायचे, आता दुकानांच्या निऑनच्या पाट्या करतात. त्यांच्याकडे भट्टी होती, हवा ओढायचा पंप होता. तळघरात लोणच्याच्या बरण्यांमागे जुन्या तारेचं एक रीळ निघालं, पाच जाळ्यांपुरतं. तसली तार आता कुठे मिळत नाही. दोघं बसलो. माझे हात थरथरायचे, त्यांना दिसायचं नाही.

"तुझे हात आणि माझे डोळे," वस्ताद म्हणाले, "दोन्ही मिळून एक धड म्हातारा होत नाही."

तीन महिन्यांत पाच व्हॉल्व्ह झाले. चार आम्ही टेबलावर चालवून पाहिले. एक अडतीस मिनिटं चालला, एक एकेचाळीस, बाकीचे दोन चाळिसाच्या आगेमागे. मग आत जांभळा उजेड पडायचा आणि संपलं. कुठेतरी हवा राहत होती. किती तास ओढायची ते आम्हाला आठवेना, आणि ज्यात लिहिलं होतं त्याचं मी दूध तापवलं होतं. कारखान्यातले व्हॉल्व्ह दोन-दोन वर्षं चालायचे.

म्हेरला फोन केला. "चाळीस मिनिटं रे, फक्त. लाज वाटते सांगायला."

"आई, अगं चाळीस पुष्कळ झाली! मी काय दिवसभर सिनेमा बघणार आहे त्यावर? त्यांची ड्रोन यायला लागली की लावीन. आमची खाली उतरायची वाट उघडी आहे. ड्रोन कुठून वळतंय एवढं कळलं की एकेकाला खाली पाठवता येतं. माणशी दीड मिनिट धर. एकोणीस जण."

"म्हणजे साडेअठ्ठावीस."

"बघ, वर तुझ्या हातची कॉफी प्यायला वेळ उरतो."

तर पाचवा व्हॉल्व्ह म्हेरचा. न चालवलेला, कापसात गुंडाळलेला, पेटीवर मी स्वतः त्याचं नाव लिहिलं.

आणि उपमंत्री येणार असं कळलं.

रझमिकने कारखान्याच्या मोठ्या खोलीत टेबलं मांडली. सुक्या मांसाचा बास्तुर्मा, चीज, जर्दाळू, कोन्याक, आणि मधोमध व्हॉल्व्ह लावायचं यंत्र. टीव्हीवाले आले. वस्ताद म्हणाले, जळालेला एक लावा आणि मागून दिवा सोडा, कुणाच्या बापाला कळणार नाही. रझमिक म्हणाला, "बरोबर एक तज्ज्ञ आहे त्यांच्या. सुई हलायला हवी. दोनच मिनिटं, वस्ताद. कॅमेऱ्यात आला की बंद. माझा शब्द."

म्हेरचा व्हॉल्व्ह लावला. छान केशरी पेटला. सुई हलली. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू. आणि कुणी बंद करायच्या आत उपमंत्र्याने पेला उचलला.

आमच्याकडे पेला नुसता पीत नाहीत. जो उठतो तो आधी बोलतो, आणि तो बोलत असताना मधे तोंड घालणं म्हणजे त्याच्या घरादाराचा अपमान. दोन भाऊ पेल्याच्या भाषणात मधेच आलेल्या खोकल्यावरून दहा वर्षं बोलले नाहीत, ते मी पाहिलंय. उपमंत्री पहिला पेला स्वावलंबनाच्या नावाने बोलला. आता आपण कुणाच्या दाराशी उभे राहणार नाही, कुणाच्या रांगेत नाही. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. नऊ मिनिटं. मी रझमिककडे पाहिलं, त्याने डोळ्यांनीच खुणावलं, आता करतो, आता करतो.

दुसरा पेला वस्तादांच्या नावाने. वस्ताद उभे, डोळ्यांत पाणी, पेला ओठाला. बटण त्यांच्या हातापासून वीतभर. सात मिनिटं.

मग रझमिक बटणाकडे वळला, खरंच वळला होता, आणि उपमंत्री माझ्याकडे बघून म्हणाला, "आणि आता आयांच्या नावाने."

आयांचा पेला आला की सगळे पुरुष उठतात. खोलीतले सगळे उठले. रझमिकही जागच्या जागी ताठ उभा राहिला. उपमंत्री बोलायला लागला, या बाईने आपल्या बोटांनी सरहद्द विणली, हिचा मुलगा तिथे उभा आहे आणि ही इथे. कॅमेरा माझ्या तोंडावर. मला कळत होतं. घड्याळ समोर होतं, काटा दिसत होता, आणि 'बंद करा रे ते' एवढे तीन-चार शब्द जिभेवर होते. पण तीस वर्षांत मला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. कारखाना बंद झाल्यापासून मी जिने पुसले, मुळे विकले. आणि आज एवढी माणसं माझ्यासाठी उभी. मला वाटलं, एवढं संपू दे. मला ते ऐकायचं होतं. दहा मिनिटं मी ऐकत राहिले.

बंद केला तेव्हा सव्वीस झाली होती. मी पेटीवर लिहिलं, चौदा.

रझमिक म्हणाला, "चौकीवर निरोप चाळीसचा गेलाय. खोड ते."

"मूर्खा, तो माझा मुलगा आहे," मी म्हटलं. आता तोंड फुटलं होतं मला.

म्हेरला सांगितलं. सगळं नाही, एवढंच की चाचणीत थोडा गेला. त्याने आकडा विचारून घेतला. मग म्हणाला, "चौदा तर चौदा. तू जेवलीस का?"

पाच आठवड्यांनी, पहाटेच्या उजेडात, पलीकडचे आले. मी रेडिओवर ऐकलं. तीन दिवस चौकीचं नाव कुणी घेतलं नाही. चौथ्या दिवशी दुपारी एक पोरगा दारात उभा राहिला, एका हाताला बँडेज. ग्रँट नाव त्याचं, म्हेरच्या चौकीवरचा वायरलेसवाला.

"मावशी, मला कॅप्टननी सांगून ठेवलं होतं. व्हॉल्व्ह सोळा मिनिटं चालला. चौदा नाही. तुम्हाला आवर्जून सांगायला सांगितलं होतं, दोन जास्त चालला म्हणून."

मी त्याला बसवलं, पाणी दिलं. तो सांगत गेला. म्हेर पडद्यासमोर बसून एकेकाला सोडत होता. आता पळ, आता आडवा हो, आता पळ. मधे एकदा त्याने बारा किलोमीटरवरच्या मित्रांच्या तळावर फोन लावला, मदतीला यायचं असं करारात होतं. त्यांनी सांगितलं, वरून विचारून कळवतो.

"अजून विचारतायत," ग्रँट म्हणाला. "अकरा जण उतरलो, मावशी. मी शेवटचा. मग पडदा काळा झाला. अजून दहा-बारा मिनिटं मिळाली असती ना, तर सगळे..." माझ्याकडे बघून तो थांबला.

"तर सगळे उतरले असते," मी म्हटलं. "मला हिशोब येतो, बाळा."

त्याला काही माहीत नव्हतं. मी त्याला जेवू घातलं.

म्हेरच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं तेव्हा घर भरलं होतं. त्या टेबलावर पेले एकमेकांना लावत नाहीत, पण बोलतात. वस्ताद कोपऱ्यात मान खाली घालून बसलेले. रझमिक उठला. बिचाऱ्याचा चेहरा उतरला होता, महिनाभर तो झोपला नव्हता म्हणे. कारखान्यात नवा कागद आला होता, आता दुसऱ्या कुठल्या देशाशी करार होणार, त्यांच्याही पेट्या मोहोरबंद. त्याने पेला उचलला.

"आयांच्या नावाने," तो म्हणाला. सगळे पुरुष उठले. "आपली अर्पेनिक जान, जिने आपल्या बोटांनी..."

मी घड्याळाकडे पाहिलं.

"बस खाली, रझमिक," मी म्हटलं. "बंद कर."

खोलीत सगळे माझ्याकडे बघत राहिले. रझमिक पेला हातात धरून उभाच होता. असं कुणी कधी केलं नव्हतं, आणि ते किती सोपं होतं ते मला तेव्हा कळलं.