लाल दिव्यासमोरचं बाक

मी लाल दिवा बोलतोय. खरं तर बोलणं माझ्या नशिबी नाही. मी लागलो की उलट सगळ्यांनी तोंड मिटायचं. नव्वदच्या दशकात नाशिकच्या एका नव्या एफएम केंद्रात मला स्टुडिओच्या दारावर बसवलं. आत माईक उघडला की मी पेटायचो, गाणं लागलं की विझायचो. लांबलचक गाणी मला सोसत नसत. कधी एकदा संपतंय, असं होऊन जाई.

मी पेटलो की भलेभले चवड्यांवर चालत. केंद्राचे साहेबसुद्धा शिंक दाबून धरत.

आमची जहिदा मालेगावची, हंगामी निवेदिका. श्रोत्यांच्या फर्माइशी वाचायची. व्हरांड्यातल्या स्पीकरवर तिचा आवाज आला की मला आपणच बोलतोय असं वाटे.

तिचे अब्बा इसाकभाई. सारा जन्म यंत्रमागाच्या खडखडाटात गेला, त्यात कान गेले. मागावर ओरडल्याशिवाय बोलता येत नाही. ती सवय मात्र राहिली. रिकाम्या खोलीशी बोलायचा पगार मिळतो, हे त्यांना काही केल्या पटेना. घराजवळच्या शाळेत जागा निघाली, तसे ते लेकीला न्यायलाच आले.

गाणं संपत आलं होतं. शिपाई कोंडाजी चहाचे पेले घेऊन बाहेर पडत होता, दार अर्धवट उघडं. मी पेटलो आणि त्याच क्षणी इसाकभाईंनी मागावरची हाक मारली.

"जहिदा, चल घर! स्कूल में जगह निकली है!"

ते साऱ्या नाशिकनं ऐकलं. मग जहिदाचा आवाज आला, "मंडळी, माझे अब्बा आलेत. त्यांना ऐकू येत नाही, म्हणून मोठ्यानं बोलतात. पुढचं गाणं त्यांच्या नावानं."

साहेब तरातरा आले. हंगामी माणसाला घरी बसवायला कितीसा वेळ लागतो? मी पुरता धास्तावलो. पण साहेबांनी माझ्याकडे हात केला, ओठांवर बोट ठेवलं आणि इसाकभाईंना समोरच्या बाकावर बसवलं.

मी पेटलो, व्हरांडा थांबला. विझलो, चालू लागला. इसाकभाई बघत राहिले.

"ये जलता तब मेरी बेटी बोलती? और साहब भी चुप?"

"तिच्यापुढं साहेबबी गप," कोंडाजी त्यांच्या कानाशी ओरडला, मी विझल्याची खात्री करूनच.

त्या दिवशी ते एकटेच परत गेले. पुढे अधूनमधून येत, बाकावर बसत, मी पेटलो की तोंडावर हात ठेवत. मला ते फार आवडायचे.

मग संगणक आले. जहिदाचं बोलणं आदल्या दिवशीच दुसऱ्या खोलीत संगणकावर भरून ठेवू लागले. स्पीकरवर ती बोलतेय आणि मी विझलेला! जीव नुसता कासावीस होतो. परवा इसाकभाई किती वेळ माझ्याकडे बघत बसले.

"अब मेरी बेटी को बोलने नहीं देते क्या?" त्यांनी कोंडाजीला विचारलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली होता.

ते ऐकून जहिदा रिकाम्या स्टुडिओत गेली, दार लावलं, माईक उघडला. मी पेटलो. आतलं काही प्रसारित होत नाही हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे माणसं गप्पा मारत पुढून जात होती. इसाकभाई उठले आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. सगळे थांबले. साहेबही थांबले.

आता मला उतरवणार म्हणतात. कोंडाजी शिडी आणून ठेवून गेलाय. येत्या गुरुवारी इसाकभाई येणार आहेत. तेवढा गुरुवार जाऊ द्या.